हलते ठिपके, स्थिर नजर: एफएमआरआयवर गतीचा प्रयोग लावताना

हलत्या ठिपक्यांचा ब्लॉक, स्थिर ठिपक्यांचा ब्लॉक, एकातून दुसरा वजा, आणि मेंदूच्या नकाशावर कानामागच्या बाजूला एक लालभडक डाग. ‘मॅडम, एमटी आलाय ना?’ असं विचारत विद्यार्थी तो नकाशा घेऊन येतात. एमटी म्हणजे गतीला प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग, आणि नकाशा एफएमआरआयचा, म्हणजे रक्तप्रवाहातल्या बदलांवरून मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनचा. डाग बहुधा खरा असतो. अडचण पुढे सुरू होते. तो गतीमुळे उमटला, हलत्या ठिपक्यांकडे जास्त लक्ष गेल्यामुळे उमटला की त्यांच्या मागे डोळे धावल्यामुळे, हे त्या डेटावरून सांगता येत नाही. आणि स्कॅनरचे तास तर वापरून झालेले असतात.

या चुका जवळपास सगळ्या स्कॅनच्या आधी होतात, म्हणून हा लेख तयारीवर जास्त रेंगाळतो. मी ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाचं यंत्र, २ सेकंदांचा टीआर (म्हणजे दर २ सेकंदांनी मेंदूची एक पूर्ण प्रतिमा), आरशातून दिसणारा पडदा आणि बटणाची पेटी इतकं गृहीत धरलंय. माणसाच्या मेंदूत एमटी आणि तिला खेटून असलेले एमएसटीसारखे भाग साध्या स्कॅनमध्ये वेगळे दिसत नाहीत. त्या सगळ्या पट्ट्याला एमटी प्लस म्हणतात, काही जण व्ही५ म्हणतात. पुढे मी एमटी प्लस हेच नाव वापरते.

## टप्पा १: आधी वजाबाकी लिहा

कोड उघडण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: कशातून काय वजा करणार, आणि उरणार काय?

‘हलते वजा स्थिर’ घ्या. उरते ती गती, हे अर्धंच उत्तर झालं. हलत्या ठिपक्यांमुळे पडद्यावरचा प्रत्येक बिंदू सतत उजळतो-विझतो, स्थिर चित्रात तसं होत नाही. हलतं चित्र लक्ष खेचतं आणि डोळ्यांनाही खेचतं. शिवाय स्थिर चित्र १५-१६ सेकंद तसंच राहिलं की दृष्टिकेंद्र त्याला सरावतं आणि प्रतिसाद उतरतो. म्हणजे वजाबाकीत गतीखेरीज किमान चार गोष्टी उरल्या.

एमटी प्लसची जागा शोधायला ही तुलना चालते, खरं तर उत्तम चालते, कारण फरक मोठा असतो आणि एका माणसाच्या पाच-सहा मिनिटांच्या डेटात दिसतो. पण ‘अमुक गटात गतीची प्रक्रिया मंद आहे’ असा निष्कर्ष काढायचा असेल तर ती पुरत नाही. तिथे सारेच ठिपके एका दिशेने जाणारे आणि तेच ठिपके तितक्याच वेगाने वाटेल त्या दिशांना जाणारे, अशी तुलना लावा. संख्या, वेग, आयुष्य (एक ठिपका किती वेळ टिकतो), उजेड सगळं सारखं. फरक फक्त सुसंगतीचा. या तुलनेतला फरक मात्र बराच लहान असतो, तेव्हा सहभागी आणि रन (स्कॅनचे सलग तुकडे) दोन्ही वाढवण्याची तयारी ठेवा. किती, ते पायलटच्या, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीच्या, आकड्यांवरून ठरवा. दुसऱ्या कुणी वीस घेतले म्हणून आपणही वीस घेऊ नका.

तपासा: वजाबाकीची ओळ प्रयोगशाळेबाहेरच्या एखाद्या मित्राला वाचून दाखवा आणि विचारा, ‘यात अजून काय वेगळं आहे?’ त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट एकतर दोन्ही बाजूंना सारखी करा, नाहीतर मोजा.

## टप्पा २: ठिपके

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पडदा मोजणे. वेग पिक्सेलमध्ये लिहायचा नसतो, दृश्यकोनाच्या अंशांत लिहायचा असतो. त्यासाठी अंतर हवं, आणि ते दोन तुकड्यांत मोजावं लागतं: डोळ्यापासून आरशापर्यंत, मग आरशापासून पडद्यापर्यंत. पोलादी टेप मॅग्नेटच्या खोलीत नेऊ नका. शिंप्याकडे असते तशी मऊ टेप घ्या, आणि तिच्या दोन्ही टोकांना पत्र्याच्या चिमट्या असतात त्या आधी कापून टाका. त्यानंतरही टेप टेक्निशियनला दाखवूनच आत न्या.

समजा पहिला तुकडा १२ सेंमी आणि दुसरा ८८, म्हणजे एकूण १०० सेंमी. पडद्यावरचं चित्र ४० सेंमी रुंद आहे. अर्धी रुंदी २० भागिले १०० म्हणजे ०.२. ज्या कोनाचा टॅन ०.२ असतो तो कोन सुमारे ११.३ अंशांचा, त्याची दुप्पट २२.६ अंश. चित्र आडवं १०२४ पिक्सेलचं असेल तर एका अंशाला साधारण ४५ पिक्सेल. सेकंदाला ८ अंश वेग हवा असेल तर सेकंदाला ३६० पिक्सेल, आणि प्रोजेक्टर सेकंदाला ६० फ्रेम दाखवत असेल तर दर फ्रेमला ६ पिक्सेल. एमटी प्लस शोधायला हा वेग चांगला.

सावध: सायकोपाय या प्रयोग दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या ठिपक्यांच्या घटकाला वेग दर फ्रेमचा लागतो, दर सेकंदाचा नाही. अंश हे एकक निवडून तिथे ८ लिहिलं तर ठिपका एका फ्रेममध्ये ८ अंश उडतो. पडद्यावर तेव्हा नुसती चुरचुर दिसते, गती दिसत नाही. आपल्या उदाहरणात तिथे ८ भागिले ६०, म्हणजे ०.१३३ हवेत.

आयुष्य. एकेका ठिपक्याला मर्यादित आयुष्य द्या, म्हणजे एकाच ठिपक्याचा माग काढत राहणं सहभाग्याला जमणार नाही. १२ फ्रेम, म्हणजे २०० मिलिसेकंद, ठीक पडतात. इथली नेहमीची चूक अशी की कोडमध्ये सगळ्या ठिपक्यांचं वय शून्यापासून सुरू होतं. मग सगळे ठिपके एकाच क्षणी मरतात आणि एकाच क्षणी नव्या जागी जन्मतात, आणि सेकंदाला पाच वेळा अख्खा पडदा लुकलुकतो. हलत्या ब्लॉकमध्ये तुम्ही गतीबरोबर ५ हर्ट्झची लुकलुकही दाखवत असता, स्थिर ब्लॉकमध्ये ती नसते. सुरुवातीला प्रत्येक ठिपक्याला ० ते ११ मधलं वाटेल ते वय द्या, म्हणजे दर फ्रेमला थोडेच ठिपके बदलतात.

दिशा. सगळे ठिपके डावीकडे सरकू लागले की डोळे आपोआप त्यांच्यामागे जातात. धावत्या एसटीच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्याचे डोळे बघा, तेच इथे होतं. म्हणून जागा शोधण्याच्या रनमध्ये ठिपके मध्यातून बाहेर आणि बाहेरून मध्याकडे असे आलटून-पालटून हलवा, दर सेकंद-दोन सेकंदांनी दिशा उलटा. चहूबाजूंची ओढ एकमेकींना मारते, आणि एकाच दिशेचा सरावही होत नाही.

अरीय गतीत मात्र एक खोट आहे. ठिपके बाहेर जात राहिले की मध्य रिकामा पडतो, आत येत राहिले की मध्यात गर्दी होते. आयुष्य लहान ठेवून नवे ठिपके वर्तुळात सगळीकडे सारख्या दाटीने जन्माला घातले की हे बरंचसं आटोक्यात येतं. त्यातही एक फसगत आहे: त्रिज्या यदृच्छ निवडली की ठिपके मध्याशी जास्त पडतात. सारखी दाटी हवी असेल तर ० ते १ मधल्या यदृच्छ आकड्याचं वर्गमूळ घ्या आणि त्याला वर्तुळाच्या त्रिज्येने गुणा.

वर्तुळाची त्रिज्या ८ अंश ठेवा, फिक्सेशनभोवती, म्हणजे नजर खिळवायच्या मधल्या फुलीभोवती, १ अंश मोकळा सोडा. स्थिर ब्लॉकची चित्रं हलत्या ब्लॉकमधल्याच फ्रेम असू द्या, काही बाहेर जाणाऱ्या गतीतल्या आणि काही आत येणाऱ्या.

तपासा: फोनवर स्लो मोशनमध्ये पडद्याचा व्हिडिओ घ्या आणि पाहा. लुकलुक, मध्यातली गर्दी, अडखळणाऱ्या फ्रेम हे सगळं डोळ्यांना सुटतं आणि व्हिडिओत सापडतं. कोडमधून सुटलेल्या फ्रेमची नोंदही दर रनला जतन करा.

## टप्पा ३: लक्ष आणि डोळे

हा टप्पा बहुतेक जण ‘मध्ये फुली ठेवली’ एवढ्यावर संपवतात. तो एवढ्यावर संपत नाही, आणि का संपत नाही याचं एक जुनं उदाहरण आहे.

धबधब्याकडे टक लावून पाहा आणि मग बाजूच्या खडकाकडे नजर न्या, खडक वर चढल्यासारखा वाटतो. हा गतीचा अनुभास. १९९० च्या दशकात दिसलं की तो जाणवत असताना पडद्यावर काहीच हलत नसूनही एमटी प्लसचा सिग्नल चढा राहतो, आणि हा त्या भासाचाच पुरावा मानला गेला. २००१ मध्ये हुक, रेस आणि हीगर यांनी भास असताना आणि नसताना, दोन्ही स्थितींत सहभाग्यांना सारख्याच लक्षाचं काम दिलं, आणि तो चढा सिग्नल नाहीसा झाला. भास ही लक्ष वेधणारी गोष्ट आहे, आणि लक्ष वाढलं की एमटी प्लसचा सिग्नल वाढतो. लक्ष आवरून त्यांनी दिशानिहाय सराव वेगळा मोजला, तेव्हा भासाशी जुळणारा फरक खरोखर सापडला. म्हणजे परिणाम होता, पण आधीच्या मोजमापातून तो सिद्ध होत नव्हता.

म्हणून मध्यबिंदूवर काम द्या, आणि ते अवघड द्या. फुलीचा रंग क्षणभर किंचित बदलतो, तो बदलला की बटण. बदल दर ३ ते ६ सेकंदांनी, ठरावीक लय नसलेले. ७५-८० टक्के बरोबर येतील इतका रंगातला फरक प्रत्येक माणसासाठी आधी बाहेर बसवून ठरवा. १०० टक्के बरोबर येत असतील तर काम सोपं आहे, आणि उरलेलं लक्ष ठिपक्यांवर गेलेलं आहे.

तपासा: हलत्या आणि स्थिर ब्लॉकमधली अचूकता आणि प्रतिसादाचा वेळ वेगवेगळे काढा. दोन्हींत ते सारखे असायला हवेत. हलत्या ब्लॉकमध्ये अचूकता पडत असेल तर ठिपके लक्ष ओढताहेत.

सूचनेची भाषाही महत्त्वाची आहे. ‘ठिपक्यांकडे बघू नका’ म्हटलं की माणूस ठिपक्यांकडेच बघतो. ‘फुलीचा रंग बदलला की लगेच बटण दाबा, एकही चुकवू नका’ एवढंच सांगा. मराठी बोलणाऱ्याला मराठीत सांगा, आणि संमतीपत्रही मराठीत द्या. सहभाग्याला समजेल त्या भाषेत संमती घेणं आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आवश्यकच आहे. ‘फिक्सेशन’, ‘स्टिम्युलस’ असले शब्द त्या कागदावर नकोत.

स्कॅनरमध्ये आय ट्रॅकर असेल तर वापरा. नसेल तर बाहेर, त्याच ठिपक्यांवर, काही जणांचे डोळे नोंदवून ठेवा. एमएसटी डोळ्यांच्या पाठलागालाही प्रतिसाद देते, त्यामुळे नजर ढळली तर नेमक्या तुमच्याच डागात भर पडते.

## टप्पा ४: वेळापत्रक

रक्तप्रवाहाचा प्रतिसाद उत्तेजकानंतर ५-६ सेकंदांनी शिखराला पोहोचतो आणि मग हळूहळू उतरतो. त्यामुळे ५-५ सेकंदांचे ब्लॉक एकमेकांत मिसळतात. उलट एका मिनिटाचे ब्लॉक लावले तर एक फेरी १२० सेकंदांची होते, आणि एसपीएम या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचं ठरीव १२८ सेकंदांचं हायपास फिल्टर (त्याहून संथ चढउतार गाळणारं) सिग्नलचाच लचका तोडू लागतं.

जागा शोधण्याच्या रनसाठी १६ सेकंद हलते, १६ सेकंद स्थिर, अशा १० फेऱ्या ठेवा. ३२० सेकंद झाले, २ सेकंदांच्या टीआरने १६० व्हॉल्यूम, म्हणजे मेंदूच्या पूर्ण प्रतिमा. सुरुवातीला नुसत्या फुलीचे १० सेकंद जोडा, म्हणजे १६५ व्हॉल्यूम. प्रोटोकॉलमध्ये हाच आकडा टाका. तिथे १६० टाकला तर स्कॅन संपतो आणि ठिपके चालूच राहतात.

सावध: ब्लॉकच्या वेळा पहिल्या ट्रिगरपासून (स्कॅनरने प्रतिमा सुरू करताना कोडला दिलेल्या इशाऱ्यापासून) मोजा, कोड सुरू झाल्यापासून नको. सुरुवातीचे ५ व्हॉल्यूम नंतर काढून टाकणार असाल तर सगळ्या वेळांतून १० सेकंद वजा करायला विसरू नका. १० सेकंदांची चूक १६ सेकंदांच्या ब्लॉकमध्ये काय करते हे कागदावर रेघा ओढून बघा: हलत्याचं मॉडेल (अपेक्षित प्रतिसादाची रेघ) अर्ध्याहून जास्त स्थिर ब्लॉकवर जाऊन बसतं आणि डाग उलट्या चिन्हाचा येतो. तुमचं यंत्र डमी स्कॅनच्या (सुरुवातीच्या, न साठवल्या जाणाऱ्या प्रतिमांच्या) वेळी ट्रिगर देतं की नाही, हेही टेक्निशियनला विचारून लिहून ठेवा.

## टप्पा ५: माणूस नसताना तालीम

बुकिंगच्या आदल्या आठवड्यात स्कॅनरवर अर्धा तास मागा, आणि माणसाऐवजी फँटम, म्हणजे पाण्याची बाटली ठेवून पूर्ण रन चालवा. ट्रिगर येतो का, बटण दाबल्यावर फाइलमध्ये योग्य आकडा पडतो का, व्हॉल्यूम मोजून तितकेच भरतात का, हे पाहा.

मग डावं-उजवं. पडद्याच्या मागून पडणारं चित्र आणि मधला आरसा मिळून डाव्याचं उजवं करू शकतात. पडद्यावर ‘डावी’ हा शब्द डाव्या अर्ध्यात लिहा, आणि तालमीत एखाद्या सहकाऱ्याला टेबलावर झोपवून आरशातून वाचायला लावा. अक्षरं सुलट आणि डावीकडे दिसली पाहिजेत. एका अभ्यासात माझ्याकडून हे राहून गेलं होतं. अर्ध्या दृष्टिक्षेत्राचे ठिपके उलट बाजूला जात होते, आणि ते कळलं तेव्हा नऊ माणसांचा डेटा गोळा झाला होता. नशिबाने सगळ्यांचं सारखंच उलटं होतं, लेबलं बदलून निभावलं. मध्येच कुणी प्रोजेक्टरची सेटिंग बदलली असती तर सारंच गेलं असतं.

## टप्पा ६: स्कॅनचा दिवस

सुरक्षेचा फॉर्म तोंडी वाचून भरून घ्या, नुसता हातात देऊ नका. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप हे सगळे विचारतात. आपल्याकडे आणखी विचारायचं ते हे: लेथवर किंवा वेल्डिंगवर काम केलंय का, डोळ्यात कधी कण गेला होता का. मंगळसूत्र काढायला सांगितलं जातं, पण जोडवी पायमोज्यात राहून जातात. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी साबण लावूनही निघत नाहीत, म्हणून फोनवर वेळ देतानाच सांगा, म्हणजे ती घरूनच काढून येतील. चमकी, केसांतल्या पिना, पदराची सेफ्टी पिन, अंतर्वस्त्राचे हूक हे सगळं बघा. साडीऐवजी बिनधातूचे सुती कपडे बदलायला द्या. गोंदण असेल किंवा शरीरात काही बसवलेलं असेल तर निर्णय रेडिओलॉजिस्टचा, तुमचा नाही.

चष्मा हा या प्रयोगाचा छुपा शत्रू आहे. उणे ४ नंबरच्या माणसाचा चष्मा बाहेर राहिला की त्याला ठिपके धूसर दिसतात, काहींना दिसतही नाहीत. प्लॅस्टिक फ्रेमच्या भिंगांचा संच ठेवा, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालून यायला सांगा. नंबर वेळ देतानाच विचारा.

माणूस आत गेल्यावर डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम लावा आणि पांघरूण द्या, खोली गार असते. थंडीने कुडकुडणाऱ्याचं डोकं हलणारच. कपाळावरून कॉइलच्या (डोक्याभोवतीच्या पिंजऱ्याच्या) दोन्ही बाजूंना चिकटपट्टीची एक सैलसर पट्टी लावली की डोकं हलल्याचं माणसाला स्वतःलाच जाणवतं.

उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ई ची एक कॅप्सूल चिकटवा. रचनात्मक स्कॅनमध्ये ती ठळक पांढरी दिसते. पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमा उलटली का, हे तिच्यावरून एका नजरेत कळतं.

तपासा: पहिला रन सुरू करण्याआधी पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाएवढं रिंगण दाखवा आणि इंटरकॉमवर विचारा: वरची कड दिसते? खालची? डावी? उजवी? ३२ चॅनेलच्या कॉइलच्या दांड्या बऱ्याचदा वरचा किंवा बाजूचा भाग झाकतात. आरसा हलवा, उशी कमी-जास्त करा. एखाद्याला पूर्ण वर्तुळ दिसतच नसेल तर सगळ्यांसाठी वर्तुळ लहान करावं लागेल, फक्त त्याच्यासाठी नाही.

क्रम असा: लोकलायझरची कच्ची स्थिती-प्रतिमा, मग फिल्डमॅप किंवा उलट फेज-एन्कोडिंगची छोटी जोडी (प्रतिमेतला ताण नंतर सरळ करण्यासाठी), मग मुख्य प्रयोगाचे रन, मग एमटी प्लस शोधण्याचा रन, शेवटी रचनात्मक स्कॅन. माणूस ताजा असेपर्यंत मुख्य प्रयोग उरकावा. शेवटच्या स्कॅनमध्ये डोळे मिटून पडलं तरी चालतं. उलट फेज-एन्कोडिंगची जोडी दोन मिनिटांचीही नसते, पण वेळ कमी पडला की पहिली तीच गाळली जाते. कानाच्या पोकळ्यांजवळ प्रतिमा ताणली जाते, आणि ती सरळ करायला दुसरा सोपा मार्ग उरत नाही.

दर रननंतर विचारा: झोप येते का? मान अवघडली का? मध्यबिंदूच्या कामाची अचूकता तिथल्या तिथे बघा. लागोपाठ तीन रंगबदल चुकले असतील तर माणूस पेंगतोय.

## टप्पा ७: प्रिप्रोसेसिंग

प्रिप्रोसेसिंग म्हणजे विश्लेषणाआधी डेटा साफ करणं. इथे फारसं अडकण्यासारखं नाही. एफएमआरआयप्रेप, एसपीएम किंवा एफएसएल यातलं एक सॉफ्टवेअर निवडा आणि सगळ्यांना तेच लावा. डोक्याच्या हालचालीची दुरुस्ती, विकृतीदुरुस्ती, रचनात्मक प्रतिमेशी जुळवणी. जुळवणीचं चित्र प्रत्येक माणसाचं स्वतः डोळ्यांनी बघा.

जागा शोधण्याच्या रनला ४-५ मिमी स्मूदिंग (शेजारच्या बिंदूंची सरासरी) पुरतं. त्याहून जास्त केलं तर एमटी प्लस शेजारच्या भागांत वितळते. मेंदूतल्या प्रतिसादाच्या नमुन्यांवरून ठिपक्यांची दिशा ओळखायची असेल तर स्मूदिंग करूच नका.

डोकं हलल्याची सहा वक्रं ब्लॉकच्या वेळापत्रकावर ठेवून पाहा. एकूण हालचाल कमी असूनही ती दर हलत्या ब्लॉकच्या सुरुवातीलाच होत असेल, तर तो माणूस विश्वासार्ह नाही.

## टप्पा ८: एमटी प्लस आखणे

प्रत्येक माणसात वेगळी आखा. १९९३ मधल्या वॉटसन आणि सहकाऱ्यांच्या पीईटी या वेगळ्या प्रकारच्या स्कॅनच्या अभ्यासात व्ही५ ची जागा माणसामाणसांत डाव्या गोलार्धात २७ मिमीपर्यंत आणि उजव्यात १८ मिमीपर्यंत सरकलेली दिसली होती. सरासरी निर्देशांकावर ६ मिमीचा गोळा ठेवला तर काहींमध्ये तो पूर्ण बाहेर पडेल.

हलते वजा स्थिर हा नकाशा घ्या आणि इन्फीरियर टेम्पोरल सल्कस या मेंदूच्या कडेच्या खाचेचा मागचा, वर चढणारा फाटा शोधा. एमएनआय अवकाशात (सगळ्यांचे मेंदू ज्यावर बसवतात त्या प्रमाण नकाशात, मिमीमध्ये) साधारण आडवा ±४५, मागे −७०, उंची शून्याच्या आसपास. तिथला डाग घ्या. व्ही१ (मेंदूतलं पहिलं दृष्टिकेंद्र) आणि वरच्या बाजूचा व्ही३ए हा आणखी एक दृष्टीचा भाग हेही उजळतील, ते यात मिसळू देऊ नका. मिसळत असतील तर ते सुटेपर्यंत नकाशाचा सांख्यिकी उंबरठा वाढवा. किती वाढवायचा, की सगळ्यांकडून सारख्याच संख्येने व्हॉक्सेल (प्रतिमेतले छोटे घन ठोकळे) घ्यायचे, हा नियम मुख्य प्रयोगाचे आकडे उघडण्याआधी लिहून ठेवा.

एमटी आणि एमएसटी वेगळ्या करायच्या असतील तर एका बाजूलाच ठिपके दाखवा. दोन्ही गोलार्ध उजळतात, पण ठिपक्यांच्या बाजूच्या गोलार्धात उजळते ती एमएसटी. एमटीला विरुद्ध बाजूच्याच दृष्टिक्षेत्राचं पडलेलं असतं. ही पद्धत हुक, डॉगर्टी आणि हीगर यांची, २००२ ची. यात ठिपके मध्यरेषेच्या जवळ आले की एमटीही उजळते आणि सगळं फसतं. अरुंद पडद्यावर यावर उपाय म्हणजे फुलीच सरकवणं. आपल्या २२.६ अंशांच्या पडद्यावर फुली मध्यापासून ९ अंश उजवीकडे ठेवा, आणि ७ अंश त्रिज्येचं ठिपक्यांचं वर्तुळ मध्यापासून ३ अंश डावीकडे. फुलीपासून वर्तुळाची जवळची कड ५ अंशांवर राहते. दुसऱ्या बाजूसाठी हेच उलट करा.

## टप्पा ९: मुख्य आकडा

आखणी एका रनमधून, मोजमाप दुसऱ्यातून. ज्या डेटावर व्हॉक्सेल निवडले त्याच डेटावर फरक मोजला तर फरक फुगतोच, मग परिणाम खरा असो वा नसो. स्वतंत्र रन नसेल तर सम रनवर आखा आणि विषम रनवर मोजा, मग उलट करा आणि सरासरी घ्या.

अख्ख्या मेंदूचा नकाशा देणार असाल तर क्लस्टर, म्हणजे उजळलेल्या व्हॉक्सेलचे सलग गट, ठरवण्याचा उंबरठा (पी मूल्य) ०.००१ ठेवा. ०.०१ वर खोटे डाग ठरवलेल्या ५ टक्क्यांपेक्षा बरेच जास्त येतात, हे २०१६ मध्ये एक्लुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलंय.

नमुन्यांवरून दिशा ओळखण्याचा मोह बहुतेकांना होतो. कामितानी आणि टोंग यांनी २००६ मध्ये ते करून दाखवलं. एक पूर्ण रन बाहेर ठेवून तपासा. एकाच रनमधले ब्लॉक दिशा ओळखणाऱ्या प्रोग्रॅमची शिकवण आणि चाचणी यांत वाटू नका, कारण संथ चढउतार दोन्हीकडे झिरपतात. आणि व्ही१ मधून दिशा झकास ओळखता आली तर हुरळून जाऊ नका. ठिपके ज्या कडेने वर्तुळात शिरतात तिथे प्रतिसाद मोठा येतो, हे वांग, मेरियम, फ्रीमन आणि हीगर यांनी २०१४ मध्ये दाखवलं. त्यामुळे प्रोग्रॅम कडेचा पक्षपात वाचून दिशा ओळखू शकतं. वर्तुळाच्या कडांचे व्हॉक्सेल वगळून पुन्हा चालवा. अचूकता कोसळली तर ती कडेचीच होती.

## डाग आलाच नाही तर

सगळं पुन्हा करायला घेऊ नका. याच क्रमाने बघा.

व्ही१ सुद्धा दिसत नसेल तर वेळा चुकल्या आहेत. ट्रिगर, काढलेले व्हॉल्यूम आणि इव्हेंट फाइल ताडून पाहा. हलते आणि स्थिर दोन्ही मिळवून नुसत्या फुलीशी तुलना करायची असेल तर नुसत्या फुलीचे ब्लॉक रनमध्ये असायला हवेत. पायलटमध्ये ते दोन-तीन ठेवाच.

व्ही१ आहे पण एमटी प्लस नाही, तर वेगाकडे वळा. पिक्सेलचा हिशेब, दर फ्रेमचा वेग, सुटलेल्या फ्रेम. मग त्या माणसाचा चष्मा.

एकाच गोलार्धात आहे, तर कॉइलच्या दांडीने अर्धा पडदा झाकला होता का ते रिंगणाच्या नोंदीत बघा. नोंदीत सगळं दिसत होतं असं असेल तर डोकं एका बाजूला कललेलं होतं का ते रचनात्मक प्रतिमेत पाहा.

चुकीच्या बाजूला आहे, तर कॅप्सूल कुठे दिसते ते बघा. कॅप्सूल उजवीकडेच असेल तर पडदा उलटा होता. कॅप्सूल डावीकडे गेली असेल तर प्रतिमा उलटली आहे.

आणि एमटी प्लसबरोबर पुढे कपाळाच्या भागात, डोळ्यांच्या हालचाली चालवणाऱ्या क्षेत्रातही ठळक डाग दिसत असेल, तर आधी आय ट्रॅकरची फाइल उघडा. तिच्यात हलत्या ब्लॉकमध्ये नजर जास्त ढळलेली दिसली तर तो रन मोजमापातून काढा, आणि पुढच्या माणसाला बोलावण्याआधी मध्यबिंदूचं काम आणखी अवघड करा.